ससा त्यांच्या अंगणात, चारा आमच्या वावरात



मागच्या मार्गशीर्षात नागपूरला साडभाऊंकडे मुक्काम पडला. बेसा-बेलतरोडीच्या पलीकडे जे नवे लेआउट पडले आहेत, त्यांतल्या एकात त्यांचे घर आहे. पंधरा वर्षांपूर्वी तिथे तूर आणि पराटी उभी असे. आज निम्म्या प्लॉटांवर बंगले आहेत आणि निम्म्यांवर गाजरगवत. घराच्या मागे छोटी हिरवळ आहे, कर्दळीचे दोन ताटवे आहेत, पाखरांना पाणी प्यायला मातीचे पसरट भांडे ठेवले आहे. दिवेलागणीला आम्ही चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात मेहुणीने ओठांवर बोट ठेवले.

"भाऊजी, हळू बोला. आला!"

हिरवळीच्या कडेला ससा येऊन बसला होता. पिंजऱ्यातला पांढरा ससा नव्हे, आपला रानातला मातकट ससा, मानेवर काळा डाग असलेला. मागच्या दोन पायांवर उभा राहिला, कान फिरवून कानोसा घेतला आणि निवांत गवत कुरतडू लागला. पोरांनी मोबाईल काढले. साडभाऊ हळू आवाजात सांगू लागले. भिंतीवर मोर येतो. पलीकडच्या पडीक प्लॉटात मुंगसाची जोडी आहे. एकदा रात्री रानडुकरीण पिल्लांची रांग घेऊन रस्ता ओलांडताना दिसली. "लोक पैसे भरून पेंचला, ताडोबाला जातात. आम्हाला घरबसल्या जंगल. भाऊ, तुमच्याकडे तर रोजच असेल. तुम्ही खरे भाग्यवान!"

त्याच वेळी माझा फोन वाजला. मुलगा विचारत होता, मोठी बॅटरी कुठे ठेवली आहे. तो जागलीला निघाला होता.

माझे वावर तिथून लांब नाही, बुटीबोरीच्या पुढे आहे. त्या दिवसांत तूर शेंगांवर होती आणि हरभरा वीतभर झाला होता. रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत कोणीतरी वावरात असलेच पाहिजे, नाहीतर सकाळी पाहायला काही शिल्लक राहत नाही. ज्यांचे साडभाऊ कौतुक करत होते त्यांच्याच भाऊबंदांना हाकलायला माझा मुलगा थंडीत निघाला होता. जनावर एकच, पण साडभाऊंच्या घरी तो पाहुणा आहे आणि आमच्या घरी तो जावई आहे. येतो, खातो, आणि आपण काही बोलायचे नाही.

साडभाऊंवर माझा राग नाही. सरळ माणूस आहे. सशावर तर नाहीच नाही. ससा देखणा असतो आणि तो पाहून लेकरांना आनंद होतो, तसा आम्हालाही होतो. खळ्यावर पाखरांसाठी दाणे ठेवणारी ही जात आहे, तिला कोणी भूतदया शिकवायला नको. माझे भांडण हिशेबाशी आहे. आनंद एकाच्या नावावर जमा होतो आणि खर्च दुसऱ्याच्या नावावर पडतो. हा हिशेब आजवर कोणी मांडला नाही. तो या पानांवर मांडायचा आहे.

पाहणारा एक, पोसणारा दुसरा

ससा त्या हिरवळीवर जगतो काय? हिरवळीवरचे चार घास हा त्याचा फराळ. जेवण पलीकडच्या शिवारात होते. आपला ससा बीळ करत नाही. दिवसभर झुडपाखाली, उंच गवतात अंग दाबून बसतो आणि रात्री चरायला निघतो. कोवळा शेंडा त्याला प्यारा. सोयाबीन दोन पानांवर असताना, हरभरा नुकता फुटत असताना तो तास धरून चालतो आणि विळ्याने तिरपे कापावे तशी रोपे कापत जातो. एकटा ससा किती खाणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. नुसता ससा असता तर हा लेख लिहिला नसता. पण सशाच्या मागून चितळ येते, ते सोयाबीनचे शेंडे खाते. रोह्यांचा कळप येतो, तो हरभऱ्यात खातो कमी आणि तुडवतो जास्त, संत्र्याची नवी कलमे मोडतो. रानडुकरे भुईमूग उकरतात, मका आडवा करतात. दिवस उजाडला की वानरे तुरीवर आणि संत्र्याच्या बगीच्यावर उतरतात. चोवीस तासांची पंगत आहे आणि वाढपी एकच, शेतकरी.

यात शहराचा वाटा केवळ पाहण्याचा नाही. नागपूरच्या चारी बाजूंनी शेती विकत घेतली गेली, लेआउटचे नकाशे निघाले, दगड रोवले गेले आणि भाव वाढण्याची वाट पाहत ती जमीन वर्षानुवर्षे पडीक राहिली. तिथे बाभूळ वाढते, तरवड वाढतो, पुरुषभर उंच गवत होते. डुकरांना दिवसा लपायला याहून चांगली जागा कोणती? मुक्काम त्यांच्या प्लॉटवर आणि जेवण आमच्या वावरात. प्लॉटमालकाला त्याच्या पडीकाबद्दल कोणी नोटीस देत नाही. वावरवाल्याने मात्र डुकराला हात लावला की कायदा उभा राहतो.

आणि शहराचे वन्यप्रेम किती खोल आहे तेही पाहू. २०१९ च्या नोव्हेंबरात मिहानमध्ये वाघ फिरला. २०२१ च्या मे महिन्यात आयटी पार्कजवळच्या गायत्रीनगरात बिबट्या दिसला. तेव्हा कोणी म्हणाले काय, की निसर्ग दारात आला, आम्ही भाग्यवान? कॅमेरे लागले, पिंजरे आले, पथके फिरली, माणसे दारे लावून बसली. बरोबरच केले. जीव सर्वांना प्यारा आहे. पण मग उमरेड-भिवापूरकडच्या, पारशिवनी-रामटेककडच्या शेतकऱ्यालाही जीव आहे आणि पीक हाच त्याचा पगार आहे, एवढे तरी मान्य करा. ससा आला तर निसर्ग आणि बिबट्या आला तर वन विभाग झोपला होता काय, अशी ही सोयीची भक्ती आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कोणाचे काय जाते?

गाय आमची, रोही कोणाचा?

आता कायद्याकडे या. शेजाऱ्याची गाय तुमच्या हरभऱ्यात शिरली तर तुम्ही काय करता? हाकत नेऊन कोंडवाड्यात घालता. इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला, तेव्हापासूनची ही रीत आहे. धनी दंड भरतो, खुराकीचे पैसे भरतो, मग गाय सोडवून नेतो. ज्याचे जनावर त्याची जबाबदारी. हे गावच्या पोरालाही कळते.

आता उलटे पाहा. तुमची गाय राखीव जंगलात शिरली. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे ७० वे कलम सांगते की तिने सरकारी लागवडीचे नुकसान केले असेच धरायचे आणि तिला धरून कोंडवाड्यात घालायचे. तिने गवताची एक काडी तोडली की नाही हे पाहण्याची गरज नाही. पंचनामा नाही, तपासणी नाही. शिरली म्हणजे खाल्ले.

आता तिसरा प्रकार. जंगलातला रोही तुमच्या वावरात शिरला. इथे धनी नाही, दंड नाही, कोंडवाडा नाही. इथे शेतकऱ्याने सिद्ध करायचे की नुकसान झाले, कोणत्या जनावराने केले आणि किती केले. सरकारच्या जंगलात आमची गाय दिसली तर गुन्हा आपोआप सिद्ध. आमच्या वावरात सरकारचा रोही दिसला तर अर्ज करा, फोटो जोडा, सातबारा जोडा, वाट पाहा.

सरकार म्हणेल, रोही आमचा कुठे आहे? तो तर निसर्गाचा. ठीक आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढा आणि ३९ वे कलम वाचा. शिकार झालेला किंवा मेलेला आढळलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे जिवंत आहे तोवर तो कोणाचाच नाही आणि मेला की सरकारचा! चारा आमचा, कातडे त्यांचे. असा मालक आम्ही तर कोणत्या बाजारात पाहिला नाही.

या कायद्याने रोही, रानडुक्कर, चितळ आणि तो हिरवळीवरचा ससाही संरक्षित आहे. फास लावणे, सापळा लावणे, नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकार ठरते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणी म्हणेल, ११ व्या कलमात वाट ठेवली आहे. उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या जनावराची शिकार करायला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. राज्य सरकारने २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरांसाठी अशा परवानगीची पद्धतही ठरवून दिली. पण कागदावरची वाट आणि वावरातली वाट यांत फरक असतो. डुक्कर रात्री दोनला येते आणि कचेरी सकाळी उघडते. परवानगी मिळाली तरी बंदूक कोणाकडे आहे? गंमत पाहा, १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. एक कायदा म्हणतो पीक राखायला बंदूक घे, दुसरा म्हणतो उचललीस तर याद राख.

६२ व्या कलमाखाली केंद्र सरकार एखाद्या भागापुरते, एखाद्या मुदतीपुरते एखादे जनावर उपद्रवी जाहीर करू शकते. २०१५ च्या अखेरीस बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर असे जाहीर झाले. २०१६ मध्ये मोकाम्याला रोही मारले गेले तेव्हा दिल्लीत केवढा गहजब झाला! एका केंद्रीय मंत्र्याने दुसऱ्या केंद्रीय मंत्र्याच्या खात्यावर जाहीर तोंडसुख घेतले. रोह्यासाठी मंत्रिमंडळात भांडण होते. हरभऱ्यासाठी कधी झाल्याचे ऐकले आहे काय?

पंचनाम्यात न मावणारे नुकसान

नुकसानभरपाई मिळते ना, मग ओरडता कशाला, असे विचारले जाते. मिळते, पण कशी? सरकारी कोष्टकात लहान नुकसान जवळपास पूर्ण धरतात, नुकसान वाढत गेले की भरपाईचा टक्का उतरत जातो आणि शेवटी एक कमाल मर्यादा येते. म्हणजे जो जास्त बुडाला त्याला हात कमी द्यायचा.

दुसरी गोष्ट, पंचनामा डोळ्यांनी होतो. मोडलेला मका दिसतो, उकरलेला भुईमूग दिसतो. पण दोन पानांवर कापलेले सोयाबीन आठ दिवसांनी दिसत नाही. तिथे नुसती मोकळी जागा दिसते आणि साहेब विचारतात, बियाणे बोगस होते काय? शेंडा खाल्लेली तूर उभी दिसते, फक्त तिला शेंगा कमी लागतात. पुण्याचे शास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवरच्या वावरांत हेच मोजून पाहिले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. नुसत्या नजरेच्या अंदाजात जे येते त्याहून खरे नुकसान बरेच मोठे असते, हा त्याचा निष्कर्ष. शेतकरी हे कधीपासून सांगत होता. पण शेतकऱ्याचे म्हणणे खरे ठरायला इंग्रजी कागद लागतो.

तिसरे नुकसान तर कोणत्याच कोष्टकात नाही. न पेरलेल्या पिकाचा पंचनामा कोण करणार? डुकरांमुळे कित्येकांनी भुईमूग सोडला. पाखरे आणि डुकरे मिळून ज्वारी खातात म्हणून ज्वारी सोडली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरे गेली. शेतकऱ्याने काय पेरायचे हे आता बाजार ठरवत नाही, रानडुक्कर ठरवते.

चौथे, जागल. सोयाबीनची उगवण, मग मका-भुईमूग, मग तूर आणि हरभरा. माझ्या घरी वर्षाला दीडशे रात्री तरी कोणी ना कोणी वावरात असतो. रात्रीची मजुरी ४०० रुपये धरा. साठ हजार रुपये झाले, पाच एकरांवर. एकरी बारा हजार. यात विंचूकाटा नाही, साप नाही, दिवसा पेंगणारे पोर शाळेत मागे पडले त्याचा हिशेब नाही. वन्यप्राण्याने माणूस मारला तर सरकार त्याच्या घरच्यांना मदत देते, २०२३ मध्ये ती २५ लाख रुपये झाली. म्हणजे मेलेल्या शेतकऱ्याची किंमत ठरली आहे. जागणाऱ्या शेतकऱ्याची अजून ठरायची आहे.

आता नवे औषध आले आहे, विमा. खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत जादा संरक्षण म्हणून घेतले जाईल, असे केंद्राने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केले. राज्याने जनावरांची यादी करायची, जिल्हे ठरवायचे, शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत मोबाईलवरून फोटोसह कळवायचे. काहीच नसण्यापेक्षा बरे. पण तत्त्व तपासा. गारपीट कोणाची नसते, म्हणून तिचा विमा असतो. रोह्याला कायद्याने राखले आहे. दुसऱ्याने राखलेले जनावर माझ्या वावरात चरणार आणि त्याचा विमा मी उतरवायचा? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातला हा प्रकार. व्याह्याच्या घोड्याच्या चंदीचा हप्ता आपणच भरायचा!

शरद जोशी साहेबांनी उणे सबसिडी हा शब्द आपल्याला शिकवला. बाहेर भाव असताना निर्यात अडवून, आयात करून, झोनबंदी करून शेतकऱ्याच्या खिशातून काढलेला पैसा म्हणजे उणे सबसिडी. रात्री वावरात जे चरले जाते ती त्याच जातीची उणे सबसिडी आहे. पर्यावरणाच्या नावाने शेतकऱ्यावर बसवलेला कर आहे. कर बसवायला विधानसभेत मंजुरी लागते. हा कर मात्र रोही स्वतः येऊन वसूल करतो.

जगाने काय केले?

हे भांडण आपल्या वाट्यालाच आले असे नाही. फ्रान्समध्ये राजे-सरदारांचे ससे आणि कबुतरे कुळांची पिके खात आणि कुळाला त्यांना हात लावायची बंदी होती. १७८९ च्या ऑगस्टात तिथल्या राष्ट्रसभेने सरदारांचे हक्क मोडीत काढले. त्यांत कबुतरखान्यांचा हक्क होता, मोकळे ससे पाळण्याचा हक्क होता आणि शिकारीची मक्तेदारीही होती. आपल्या जमिनीवरचे असे जनावर मारायचा हक्क प्रत्येक जमीनधारकाला मिळाला. क्रांती म्हणजे केवळ राजवाड्याची नव्हे, ती हरभऱ्याचीही होती.

इंग्लंडात हे व्हायला आणखी ९१ वर्षे गेली. जमीनदार शिकारीच्या हौशीसाठी ससे राखत, कुळाच्या पिकावर पोसत. १८८० साली ग्लॅडस्टनच्या सरकारने कायदा केला की जमीन कसणाऱ्याला आपल्या शेतातले ससे मारण्याचा हक्क आहे आणि कोणत्याही कराराने तो हक्क काढून घेता येणार नाही.

जर्मनीत दुसरी वाट काढली. तिथे रानडुक्कर, हरीण, रानससे यांनी पिकाचे नुकसान केले तर शिकारीचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांनी शेतकऱ्याला भरपाई द्यायची. ज्याला मजा, त्याच्यावर बोजा.

आणि नुसत्या हौशीने काय होते ते ऑस्ट्रेलियाला विचारा. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीची गंमत म्हणून इंग्लंडहून दोन डझन ससे मागवून सोडले. त्यांची इतकी पिलावळ वाढली की १९०१ ते १९०७ या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियाला त्यांना अडवायला अठराशे किलोमीटरहून लांब कुंपण घालावे लागले, तरी ससे थांबले नाहीत. आपला ससा इथलाच आहे, त्याची ती गत होणार नाही. पण एका माणसाच्या करमणुकीचे बिल दुसऱ्या माणसाच्या पिकावर कसे फाटते, याचा तो धडा आहे.

या सगळ्यांत सूत्र एकच. एकतर कसणाऱ्याला आपले पीक राखू द्या, नाहीतर जनावर राखणाऱ्याने पैसे मोजा. दोन्ही नाकारणारी वाट सरदारांच्या राज्यात होती. आपल्याकडे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तेव्हापासून शेतकऱ्याचे वावर हे सर्वांचे कुरण झाले.

मग ससा मारायचा काय?

कोणी म्हणेल, तुम्हीच जंगलात घुसलात, जनावरांनी जायचे कुठे? आमच्या आजोबा-पणजोबांच्या नावाचे सातबारे काढून पाहा. आणि ससा, रोही ही घनदाट जंगलाची जनावरे नव्हेत. ती मोकळ्या माळाची, झुडपांची, शेताच्या धुऱ्याची जनावरे आहेत. ती पूर्वीही होती. पण लांडगा होता, कोल्हा होता, खोकड होते, आणि पीक राखायचा शेतकऱ्याचा हक्कही होता. ते सगळे गेले, राहिला एकटा शेतकरी हातात सुतळी बॉम्ब घेऊन.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणे हा संघटनेचा मार्ग नाही. त्या तारेने आपलीच माणसे हकनाक जातात. पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी चिकटतो आणि दोन घरे उजाड होतात, एक स्मशानात आणि एक तुरुंगात. विष घालणे हाही मार्ग नाही. आम्हाला चोरून मारायचे नाही. आम्हाला उजळ माथ्याने पीक राखायचे आहे.

आणि ससे, मोर, रोही राहावेत असे देशाला वाटत असेल तर आम्हीही देशातच आहोत, आम्हालाही वाटते. आमचे सांगणे एवढेच की पोसायचे तर सर्वांनी पोसा. गाईला पेंड घालणाऱ्याला दुधाचा भाव मिळतो. देशाला वन्यप्राणी पुरवणाऱ्याला त्याचा भाव मिळाला, तर उद्या आमचा शेतकरी धुऱ्यावर सशासाठी हरभऱ्याची चार तासे वेगळी पेरील. आज तो ससा पाहून दगड उचलतो, कारण आज ससा म्हणजे घाटा आहे.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे या मागण्या ठेवत आहे. त्यांवर चर्चा व्हावी आणि ठराव व्हावा.

१. वावरात शिरलेल्या वन्यप्राण्याची जबाबदारी सरकारची मानावी. आमच्या गायीला जो न्याय, तोच सरकारच्या रोह्याला. शिरला म्हणजे नुकसान झाले असे धरावे आणि नाही झाले हे सरकारने सिद्ध करावे.

२. भरपाई बाजारभावाने, पूर्ण आणि ठरावीक दिवसांत द्यावी. कमाल मर्यादा आणि उतरता टक्का रद्द करावा. उशीर झाल्यास व्याज द्यावे.

३. रोही आणि रानडुकरांबाबत ११ व्या कलमाची परवानगी गावातच मिळेल अशी व्यवस्था करावी. परवाना असलेल्या माणसांची यादी तालुक्याला लावावी.

४. जागलीची मजुरी पिकाच्या उत्पादन खर्चात धरावी. वन्यप्राण्यांच्या विम्याचा हप्ता शेतकऱ्याकडून एक पैसाही घेऊ नये.

५. सफारी, रिसॉर्ट आणि वर्षानुवर्षे पडीक ठेवलेले लेआउट यांच्यावर चराई आकार बसवावा आणि तो पैसा त्याच शिवारातल्या शेतकऱ्यांना थेट द्यावा. सामूहिक कुंपणाचे अनुदान ठरावीक गावांपुरते न ठेवता मागेल त्या गावाला द्यावे.

यात भीक कुठेच नाही. हा चाऱ्याचा दाम आहे.

शेवटी साडभाऊंचे सांगतो. त्या संध्याकाळी मी वाद घातला नाही. ससा गेल्यावर एवढेच म्हणालो की पौषात एक रात्र आमच्याकडे या, अजून पुष्कळ जनावरे दाखवतो. बोलल्याप्रमाणे आले, गळ्यात कॅमेरा अडकवून. रात्री अकरापर्यंत शेकोटीपाशी गंमत वाटली. एकच्या सुमारास रोह्यांचा कळप आला. आम्ही तिघे बॅटऱ्या घेऊन, डबा वाजवत ओरडत धावलो. कळप शेजाऱ्याच्या वावरात गेला, तिथून त्याने हाकलला, तो फिरून आमच्याकडे आला. असे तीनदा झाले. पहाटे चारला साडभाऊ ओल्या बुटांनी मचाणाखाली बसले होते. कॅमेरा पिशवीत गेला होता. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हिशेबी माणूस. मुलाला म्हणाले, "बेटा, या नाइट ड्युटीचे किती मिळतात?"

मुलगा हसला. उत्तर त्याच्याकडे नव्हते.

पाइकांनो, मेळाव्याला येण्याआधी एवढे काम करा. शहरातल्या आपल्या एका नातेवाइकाला, मग तो साळा असो, साडू असो की भाचा, हरभरा निघण्याआधी एक रात्र जागलीला न्या. भाषण देऊ नका. हातात बॅटरी द्या आणि सोबत बसवा. हाच प्रश्न तो स्वतःहून विचारील. तो प्रश्न घेऊन मेळाव्याला या.